मुलांच्या बागेला मार्क कमी का पडले, एवढं तरी सांगा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधला शेवंतीचा भाग तेवढा ठेवा, तो पुढच्या वर्षी बाकीच्या मुलांना उपयोगी पडेल.

मी फोंडा तालुक्यातला, सावईवेऱ्याच्या बाजूचा. आमचं लहानसं कुळागर आहे. माड, पोफळी, पोफळींवर मिरवेल, केळी, चार जायफळं आणि खाली अननस, आलं, हळद, जे जगेल ते. वर झर आहे, तिचं पाणी पाटाने येतं. यंदा जानेवारीत एक फ्लॉवर शो झाला, त्यात शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी 'शो गार्डन'ची स्पर्धा होती. दहा बाय बारा फुटांचा प्लॉट द्यायचा, दोन दिवस द्यायचे आणि मुलांनी त्यात बाग उभी करायची. शो कोणाचा, कुठल्या मैदानावर ते मी लिहीत नाही कारण तिथली माणसं वाईट नव्हती, मुलांना चहा-पाव वेळेवर देत होती, आणि माझं भांडण माणसांशी नाहीच आहे.

माझी भाची बारावीला आहे. तिच्या गटात सात जण, आणि ती मला मामा म्हणते म्हणून सगळेच मामा म्हणायला लागले, त्यातला एकजण तर माझ्याच वयाच्या बापाचा मुलगा, शाळेत मी आणि तो बाप एका बाकावर बसायचो, असो. नोव्हेंबरात ही मंडळी वही घेऊन घरी आली. म्हणे मामा, आम्हाला कुळागर करायचंय. मी म्हटलं अरे वेडे की काय, कुळागर म्हणजे माड चाळीस-पन्नास फूट वर, तो काय तुम्ही पिकअपमधून नेणार? तर भाची म्हणते उंची दाखवायची नाही, थर दाखवायचे, कोण कोणाच्या सावलीत उभा असतो ते. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मी इतकी वर्षं त्यात राबतोय पण असं एका वाक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं.

मग दोन महिने जे चाललं ते बघण्यासारखं होतं. पावसात पडलेल्या दोन पोफळी माझ्याकडे तशाच आडव्या होत्या, त्यांचे आठ-आठ फुटांचे तुकडे काढले. मैदानावर पेव्हर घातलेले, खणायची परवानगी नाही, म्हणजे खांब उभा राहणार कसा? पोरांनी रंगाचे जुने डबे आणले, त्यात खांब धरून चिऱ्याचे तुकडे ठोकून बसवले, वरून वाळू आणि पाणी, दुसऱ्या दिवशी मी धक्का मारून बघितला तर हलेना. मिरवेल जुनी उपटून लावली तर दोन दिवसांत मान टाकते, म्हणून बुश पेपरच्या कुंड्या आणल्या. बुश पेपर म्हणजे मिरीच्या आडव्या फांदीपासून केलेलं रोप, ते वर चढतच नाही, झुडपासारखं कुंडीत राहतं आणि तिथेच मिरी धरतं, बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो, फ्लॅटच्या बाल्कनीत सुद्धा होतं. खांबावर चढवायला एक कोवळी वेल कुंडीसकट बांधली. पोफळीची चार फुटी तीन रोपं, केळीचे दोन पिल, एक केळफूल आलेली केळ मोठ्या बॅरलमध्ये. जायफळाचं कलम माझ्याकडचं. कुंड्या दिसू नयेत म्हणून सगळीकडे नारळाची सोडणं आणि माडाची सुकी चुडतं पसरली, आणि मधून पाट. पाट काढायला वीटभर उंचीचा उतार केला, खाली काळं प्लॅस्टिक, टोकाला बादली, बादलीत माशांच्या टाकीतला छोटा पंप, तो पाणी परत वर नेणार. पहिल्याच ट्रायलला चिऱ्याच्या मातीचा गाळ ओढून पंप गप्प झाला. मग एकाने पीटीचा मोजा काढून पंपाला घातला, आणि चाललं! त्या मोज्याला बक्षीस द्यायला पाहिजे होतं.

आता शेवंती. कडेला थोडा रंग पाहिजे म्हणून मुलांनी सप्टेंबरपासूनच शेवंतीच्या तीसेक कुंड्या शाळेच्या मागे वाढवल्या होत्या. ऑक्टोबरात गुरं आत शिरून चार-पाच कुंड्या खाल्ल्या, म्हणून राहिलेल्या उचलून गेटजवळ ठेवल्या जिथे वॉचमन असतो. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला बघायला बोलावलं. झाडं काय सुंदर, हिरवीगार, गुडघ्यापर्यंत, आणि कळी म्हणून एकही नाही. खत कमी पडलं का, पाणी जास्त झालं का, सरांनी कुठलंतरी टॉनिक पण मारलं होतं. मी सहज वर बघितलं तर डोक्यावर गेटचा मोठा एलईडी, रात्रभर चालू. शेवंतीला रात्र लागते हो. रात्र मोठी व्हायला लागली की ती कळी धरते, आणि त्या रात्रीत उजेड पडत राहिला की तिला वाटतं अजून पावसाळाच चाललाय, मग ती नुसता पाला वाढवत बसते. त्याच दिवशी सगळ्या कुंड्या उचलून संडासाच्या मागच्या भिंतीला नेल्या, तिथे मिट्ट काळोख. कळ्या आल्या, पण कळी दिसून फूल उमलेपर्यंत जो वेळ जायचा तो जातोच, त्याला टॉनिक नाही. शोच्या दिवशी त्या वाटाण्याएवढ्या हिरव्या कळ्या होत्या. फेब्रुवारीत मग काय फुलल्या म्हणता, शाळेत सगळे सेल्फी काढत होते. तर ज्यांना जानेवारीच्या शोला शेवंती न्यायची आहे त्यांनी नोव्हेंबरात रात्री उठून एकदा कुंड्यांवर उजेड पडतो का ते बघून घ्या.

म्हणून आयत्या वेळी अबोली आणली, ती बारा महिने फुलते आणि कुळागराच्या वाटेवर कुठेतरी असतेच. पण अबोलीचा रंग लांबून दिसत नाही, ती केसांत माळलेली दिसते.

नावांच्या पाट्या लिहिताना पण गंमत झाली. एका मुलाने वरती 'देशी झाडांची बाग' असं लिहून आणलं. दुसरी मुलगी म्हणाली अननस देशी कसा, तो तर पोर्तुगिजांच्या जहाजातून आला, तसाच काजू, मिरची, पेरू, पपई. अर्धा तास वाद. शेवटी 'देशी' खोडून 'कुळागरातली' केलं. असले वाद वर्गात होत नाहीत, ते चिखलात हात असतानाच होतात.

परीक्षक सकाळी दहाला येणार होते. आले चार वाजता. आमचा प्लॉट पश्चिमेच्या टोकाला, वर ना मंडप ना झाड. आता कुळागरातली झाडं सावलीत वाढलेली, त्यातून कोवळ्या पोफळीला दुपारनंतरचं दक्षिण-पश्चिमेचं ऊन अजिबात सोसत नाही, आम्ही रोप लावताना त्या बाजूला आधी केळ लावतो ती याचसाठी. मुलांना मी ते सांगितलं होतं आणि त्यांनी केळी बरोबर त्या बाजूला ठेवल्या होत्या, पण दोन पिल आणि एक केळ किती ऊन अडवणार. तीनच्या सुमाराला एका पोफळीच्या पानाची टोकं कागदासारखी झाली, मिरवेलीने मान टाकली. मुलं आळीपाळीने छत्री धरून उभी होती. त्यांना सांगितलं गेलं छत्री काढा, फोटोत येते.

तीन परीक्षक, चार मिनिटं. मी दोरीच्या बाहेर उभा होतो. त्यातल्या एक बाई हसून म्हणाल्या, "छान आहे, पण फ्लॉवर शो आहे ना, फुलं कुठे आहेत?" बोलणं तुच्छतेचं नव्हतं, हे मी मुद्दाम सांगतो. भाचीने केळफुलाकडे बोट केलं. मग खांबाला बांधलेली पोफळीची पोय, म्हणजे तिचा फुलोरा, दाखवला, सकाळीच काढून बुडाला ओल्या सोपटाने गुंडाळून आणलेली, तिचा वास सगळ्या प्लॉटभर होता. बाईंनी वास घेतला आणि "अरे वा" म्हणाल्या. दुसऱ्यांनी जायफळाच्या पानाला हात लावून विचारलं हे कसलं झाड, आंब्यातलं काय? मला राग नाही आला, हसूच आलं. याच गोव्यात १५६३ साली गार्सिया द ऑर्ताने औषधी झाडापाल्यावर अख्खं पुस्तक छापलं, पणजीतल्या बागेला आपण त्याचं नाव दिलंय, आणि साडेचारशे वर्षांनी बागेच्या स्पर्धेच्या परीक्षकांना जायफळ आंब्यासारखं दिसतं. सगळ्यांना सगळं माहीत असायलाच पाहिजे असं नाही. पण पाटी तिथेच होती, मोठ्या अक्षरात, ती तरी वाचायची.

पहिलं बक्षीस पेटुनियाच्या मोठ्या हृदयाला मिळालं, मध्ये बाकडं, बसा आणि फोटो काढा. दुसरं झेंडूच्या मोराला. ती मुलं पण रात्री बारापर्यंत राबत होती, मी बघितलंय, त्यांची फिनिशिंग आमच्यापेक्षा साफ होती, एक कुंडी वाकडी नाही. आमच्या पाटाच्या कडेला काळं प्लॅस्टिक दिसत होतं, एका पाटीवर जायफळाचं 'जायफल' झालं होतं, आणि शेवंतीची चूक तर आमचीच. म्हणजे आम्हालाच नंबर यायला पाहिजे होता असं मी म्हणत नाही. आमच्या गटाला पन्नासपैकी एकतीस मिळाले. कशात गेले एकोणीस? मुलांनी टेबलवर जाऊन विचारलं तर सांगितलं परीक्षकांचा निर्णय अंतिम आहे, फॉर्मवर लिहिलंय. अंतिम राहूदे ना. पण कारण सांगायला काय हरकत?

आणि फॉर्मबरोबर मुलांकडून एक पान लिहून घेतलं होतं, तुमची बाग कशाबद्दल आहे, कोणासाठी आहे. चार रात्री बसून त्यांनी ते लिहिलं होतं. त्यात सरळ पहिल्या ओळीत होतं की ही फुलांची बाग नाही, ही सावलीची बाग आहे. परीक्षकांच्या हातात तो कागद नव्हता. तो फाईलला होता, मी शेवटी फॉर्म परत घ्यायला गेलो तेव्हा पिन तशीच, पान उलटलेलं सुद्धा नाही.

आमचे एक शेजारी इंग्लंडात स्विंडनला असतात, गोंयकारांचं ते दुसरं घरच झालंय म्हणा, ते एकदा लंडनचा चेल्सी फ्लॉवर शो बघून आले होते. १९१३ पासून तो त्याच जागी भरतो, रॉयल हॉस्पिटलच्या आवारात. तिथला थाट आपल्याला परवडायचा नाही, आणि तो आणायची गरजही नाही. पण तिथली पद्धत ऐकून मुलांचे डोळे मोठे झाले. बाग करणारा आधी लिहून देतो की मी काय करणार, आणि परीक्षक तोच कागद धरून बघतात की म्हटलं ते केलं का. नंतर त्याला समोर उभं करून कुठे कमी पडलं ते सांगतात. आणि पहिला-दुसरा-तिसरा असं नाही, त्या तोडीच्या चार बागा असतील तर चौघांना गोल्ड, कोणीच नसेल तर नाही. (सगळ्यांत चांगली बाग म्हणून वेगळं एक बक्षीस असतं ते असतंच.) हल्ली तर तिथल्या बऱ्याच बागा शो संपल्यावर उचलून शाळांत, हॉस्पिटलांत कायमच्या लावतात.

एवढं लांब तरी कशाला, आपली माटोळीची स्पर्धा बघा, गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं टांगतो ती माटोळी. चवथीला परीक्षक घरी येतात, मान वर करून एकेक वस्तू बघतात, हे काय, ह्याचा उपयोग काय, कुठे मिळालं, आणि घरातली लहान पोर धडाधडा सांगते. त्या स्पर्धेपायी लोक रानातून ओरबाडून आणतात, शेकड्यांनी वस्तू लावायच्या नादात, ते मला पसंत नाही, तो वेगळा विषय. पण विचारतात तरी! ज्या गोव्यात गणपतीच्या डोक्यावर कांगुणी, आंबाडे, बेडे टांगून आपण रंग आणि फळ दोन्ही बघतो, तिथे केळफूल फुलात धरायचं की नाही यावर परीक्षक अडतात, हे मला समजत नाही.

शेवटच्या रात्रीचं सांगतो. नियम असा की नऊपर्यंत प्लॉट रिकामा, नाहीतर डिपॉझिट जप्त, आणि साडेआठपर्यंत गाडी आत सोडणार नाही. अर्ध्या तासात कोण काय वाचवणार. हृदयाच्या पेटुनिया तिथेच फाटकाजवळ ढिगात पडल्या, पिशव्यांसकट, शेकडो. त्या मुलांचा दोष नाही, भाड्याचा टेंपो परत गेला होता. ती झाडं कुठून आलेली असतात माहीत आहे? पुण्याहून, बेळगावाहून, कधी थेट आंध्रातल्या कडियमहून, गोदावरीच्या बाजूला सगळा नर्सऱ्यांचाच मुलूख आहे तो. म्हणजे ट्रकमधून दोन दिवसांचा प्रवास, तीन दिवसांचा शो आणि मग कचरा. आमच्या मुलांनी स्वतःचं सामान चढवून झाल्यावर त्या ढिगातल्या चाळीसेक पिशव्या स्कूटरवरून नेल्या, पुढे दोन, मागे दोन असं करत, चार फेऱ्यांनंतर वॉचमनने फाटक बंद केलं.

तर माझं मागणं एवढंच आहे, आणि ते कुठल्याही शोवाल्याला लागू आहे, सरकारी असो की क्लबचा. मुलांकडून जो कागद लिहून घेता तो परीक्षकांच्या हातात द्या. प्रत्येक गटाला निकालाबरोबर चार ओळी लिहून द्या, काय चांगलं होतं आणि मार्क कशात गेले, वीस गट असतील तर ऐंशी ओळी, एका माणसाचं तासाभराचं काम. परीक्षकांत एक तरी असा घ्या ज्याच्या नखांत माती असते. एला, जुने गोव्याला आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेची, अख्खी संस्था आहे आपल्या किनाऱ्याच्या शेतीसाठीच, तिथले शास्त्रज्ञ आहेत, नाहीतर केरी, सावईवेऱ्याचा कोणीही कुळागरवाला बोलवा, फक्त जेवण घाला. मार्कांच्या कागदावर एक रकाना वाढवा की झाडं आली कुठून आणि जाणार कुठे, दहाच मार्क ठेवा, बघा ढीग कसा कमी होतो ते. आणि सावलीतली झाडं जो आणतो त्याला सावलीतला प्लॉट द्या, नाहीतर परीक्षक सांगितलेल्या वेळेला तरी येऊदे. हे फुकट होण्यासारखं आहे सगळं.

नाहीतर काय होतं ते पण सांगतो. परवा मी मुलांना विचारलं पुढच्या वर्षी काय करणार. एकजण पटकन म्हणाला, मामा, पेटुनिया घेऊया, पैसे काढूया आणि मोठं फुलपाखरू करूया, पंख असे उघडे, मध्ये उभं राहून फोटो. तो चुकला असं मी कसं म्हणू, त्याला एकतीस मार्कांतून तेवढंच कळलं. भाची गप्प होती. संध्याकाळी तिचा मेसेज आला, पडलेली आणखी एखादी पोफळ असेल तर विकू नका.

जायफळाचं कलम शाळेच्या मागे नळाजवळ लावलंय, पाण्याची सोय आहे आणि दुपारी भिंतीची सावली पडते. पोफळीच्या तीन रोपांतलं एक करपलं ते गेलंच, दुसरी दोन माझ्याकडे केळीखाली आहेत, नवीन पान आलंय. पेटुनिया मार्चपर्यंत टिकल्या, मग ऊन वाढलं. मोजा भाचीच्या मित्राने परत नेला.

कळावे, लोभ असावा.

एक कुळागरवाला,
फोंडा तालुका, गोवा